दाढी कुणाच्या हातात?

'बाजारात पाच पात्यांचे रेझर मिळत असताना शंभर वर्षांपूर्वीचे लोखंड तोंडावर कशाला फिरवता?' जुने रेझर जमवणाऱ्या आणि ब्रशने फेस काढून दाढी करणाऱ्या माणसाला हा प्रश्न ठरलेला. आधी एक दुरुस्ती. ते लोखंड नसते, पितळ असते. वर निकेलचा मुलामा, क्वचित सोन्याचा. लोखंड असते तर कोकणातल्या चार पावसाळ्यांत त्याची माती झाली असती आणि या वादाला विषयच उरला नसता.

पण प्रश्नाचा खरा जोर लोखंडावर नाही, 'पाच' या आकड्यावर आहे. विचारणाऱ्याच्या मनात एक जिना असतो. तळाच्या पायरीवर न्हाव्याचा वस्तरा, त्यावर एका पात्याचा सेफ्टी रेझर, मग दोन पाती, तीन, पाच. वर जाईल तो शहाणा, खाली उतरेल तो भूतकाळात रमणारा. हा जिना कुणी बांधला हे विचारायचे सुचत नाही, कारण तो जाहिरातींनी इतका चकचकीत पुसून ठेवला आहे. माझे म्हणणे असे, की या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरच दाढीचे यंत्र पुरे झाले. पुढच्या पायऱ्या दाढी सुधारण्यासाठी बांधल्या गेल्या नाहीत. दाढी करणाऱ्याला बांधून घेण्यासाठी बांधल्या गेल्या. जुने रेझर हा त्याचा पुरावा आहे, आणि पुरावा जपून ठेवणाऱ्याला गतकातर म्हणण्याची पद्धत मला तरी मान्य नाही.

दुसऱ्या पायरीवर नेमके काय घडले ते पाहू. सेफ्टी रेझर किंग कॅम्प जिलेटने शोधला असे सरसकट सांगतात, ते खरे नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झां-झाक पेरे या चाकू-सुऱ्यांच्या कारागिराने वस्तऱ्याला लाकडी आडोसा लावून पाहिला होता. 1880 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये काम्फे बंधूंचा 'स्टार' रेझर आला. पण त्या सगळ्यांत पाते म्हणजे वस्तऱ्याचाच जाड तुकडा. रोज चामड्याच्या पट्ट्यावर घासा, अधूनमधून दगडावर धार लावा. त्यातून सुटका नव्हती. जिलेटला 1895 मध्ये सुचले ते एवढेच, की पाते कागदासारखे पातळ असावे, बोथट झाले की फेकून द्यावे. सुचणे सोपे होते. इतक्या पातळ पत्र्याला धार टिकेल असे कडकपण देता येणार नाही, असे त्या काळचे पोलादाचे जाणकार त्याला सांगत राहिले. ती गाठ सोडवली विल्यम निकर्सन या अभियंत्याने. 1901 मध्ये कंपनी निघाली, 1903 मध्ये विक्री सुरू झाली आणि त्या पहिल्या वर्षी खपले फक्त 51 रेझर आणि 168 पाती.

पातळ पाते लवते, आणि लवणारे पाते केसांवर थरथरते. यावर जी युक्ती काढली तिच्यावर माझा सगळा जीव आहे. रेझरच्या डोक्याच्या दोन भागांत पाते दाबून धरायचे, आणि तेही सपाट नाही, किंचित कमानीत वाकवून. वाकवलेला पातळ पत्रा ताठ होतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतके पाते त्या कमानीमुळे वस्तऱ्यासारखे खंबीर उभे राहते, आणि दोन्ही कडा वापरता येतात. त्यात ना स्प्रिंग, ना बिजागरी, ना प्लास्टिक. वरची टोपी, खालची जाळी आणि दांडा, असे तीन तुकडे. 15 नोव्हेंबर 1904 रोजी या रचनेला अमेरिकेत पेटंट मिळाले.

इथून पुढे सुधारणा झाल्याच नाहीत असे मी म्हणत नाही. झाल्या, आणि मोठ्या झाल्या. पण त्या कुठे झाल्या ते बघा. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन सोर्डने गंजरोधक पोलादाची, वर लेप दिलेली पाती बाजारात आणली, तेव्हा धार कितीतरी जास्त दिवस टिकू लागली आणि जिलेटलाही 1963 मध्ये तीच वाट धरावी लागली. ही खरी प्रगती. ती पात्यात झाली. पात्याच्या मधल्या लांब खाचेत 1904 च्या रेझरच्या खुंट्या आजही चपखल बसतात. म्हणजे पणजोबांच्या काळच्या रेझरमध्ये काल तयार झालेले पाते घालून दाढी होते. साठ वर्षांचे धातुशास्त्र त्या जुन्या रेझरला आयते मिळाले, मालकाला नवा दांडा न घेता. ज्या वस्तूत प्रगती अशी आपणहून येऊन बसते तिला मागासलेली म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या मोबाईलच्या चार्जरांचा खण उघडून बघावा.

मग दोन पात्यांची गरज कुणाला पडली? दाढीला नव्हे. मूळ पेटंट 1921 मध्येच संपले होते. ते संपल्यावर तशी पाती कुणीही बनवू लागले, आणि बनवली. 1960 च्या दशकात विल्किन्सनने जिलेटचा घाम काढला तो याच मोकळेपणामुळे. 1971 मध्ये 'ट्रॅक टू' आला. दोन पाती प्लास्टिकच्या डबीत कायमची बसवलेली, आणि ती डबी त्याच कंपनीच्या दांड्यावर चढणारी. पात्यांची संख्या ही जाहिरातीची बाजू. डबीची ती खोबण ही धंद्याची बाजू. पुढे 1998 मध्ये तीन पात्यांचा 'मॅक थ्री', 2005 मध्ये पाच पात्यांचा 'फ्युजन'. गंमत अशी की हे आधीच विनोद म्हणून सांगून झाले होते. अमेरिकेत 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा कार्यक्रम 1975 मध्ये सुरू झाला, त्याच्या पहिल्याच भागात तीन पात्यांच्या रेझरची खोटी जाहिरात होती. प्रेक्षक हसले, कारण तिसरे पाते हा मूर्खपणा आहे हे तेव्हा कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते. 2004 मध्ये 'द ओनियन' या विडंबनपत्राने पाच पात्यांची थट्टा केली आणि पुढच्याच वर्षी ती खरी ठरली. ज्या शोधाची कल्पना विनोदी लेखकांना अभियंत्यांच्या आधी सुचते, त्याच्या गरजेबद्दल शंका घ्यायला जागा राहते.

इथे कुणीतरी हटकून म्हणतो, 'पण हे तर जिलेटनेच सुरू केले ना? दांडा फुकट द्या, पात्यांवर कमवा.' व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट अजून शिकवतात. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी ती 2010 मध्ये तपासली आणि निकालात काढली. पेटंट हातात होते तोवर जिलेटचा रेझर पाच डॉलरला विकला जात होता, आणि ती तेव्हा कामगाराच्या आठवड्याच्या कमाईचा मोठा घास घेणारी किंमत होती. इतर कंपन्यांचे सेफ्टी रेझर डॉलरभरात मिळत. दांडा स्वस्त झाला तो पेटंट संपता-संपता. म्हणजे जुना जिलेट पहिल्या दिवसापासून घरात राहणारी वस्तू म्हणून विकला गेला, आणि तसाच बनवला गेला. म्हणून तर तो अजून सापडतो.

जिन्याच्या गोष्टीला सगळ्यात मोठा तडा मात्र आपल्याकडेच गेला, तोही जिलेटच्याच हातून. भारतासाठी नवा रेझर करताना कंपनीने त्याची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर घेतली. त्यांना तो पसंत पडला. इथे आणला तर केस अडकून तुंबू लागला, कारण इथला गडी वाहत्या नळाखाली नाही, भांड्यात पाणी घेऊन दाढी करतो. मग कंपनीची माणसे इथे आली, लोक दाढी कशी करतात ते घरोघर बसून पाहिले, आणि 2010 मध्ये 'जिलेट गार्ड' काढला. रेझर पंधरा रुपयांना, वरचे पाते पाच रुपयांना. त्यात पाती किती? एक. पैसेवाल्या देशांत पाच पात्यांशिवाय गाल गुळगुळीत होत नाही असे सांगणाऱ्या कंपनीनेच शोध घेऊन, पैसा ओतून, एका पात्यावर येऊन थांबावे! मला याहून मोठा साक्षीदार कुठून आणता येईल? फक्त डबीची खोबण त्यांनी इथेही सोडली नाही.

जास्त पाती म्हणजे जास्त गुळगुळीत, हा दावा मी खोटा म्हणत नाही. पहिले पाते केस किंचित ओढून धरते, मागचे पाते तो आणखी खाली कापते, आणि उरलेले टोक त्वचेच्या आत सरकते. हात फिरवून पाहणाऱ्याला ते छान लागते. पण ज्याची दाढी कुरळी आहे त्याचे ते आत गेलेले टोक वाढताना वळते, कातडीत शिरते आणि मानेवर पुटकुळ्या उठतात. अशा माणसाने फार खोलवर दाढी करू नये हा त्वचेच्या डॉक्टरांचा जुनाच सल्ला आहे. सगळ्यांना हा त्रास होत नाही. ज्यांना होतो ते बिचारे क्रीम बदलत राहतात, आफ्टरशेव्ह बदलत राहतात. पाती कमी करून बघावीत हे त्यांना कुठल्याही जाहिरातीतून कळण्याची सोय नाही.

वेळेचा मुद्दा मी फार लांबवणार नाही. 'एवढा वेळ कुणाला आहे?' असे म्हणणारा माणूस आरशासमोर आणखी काय-काय करतो ते मला ठाऊक आहे. कोमट पाण्याने तोंड भिजवणे आणि ब्रशने फेस काढणे यात जाणारी दोन-तीन मिनिटे नखऱ्याची नसतात. तेवढ्या वेळात केस पाणी पितो आणि नरम पडतो. कोरडा केस काय करू शकतो याची कल्पना नसेल तर 2020 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांनी छापलेले काम पाहावे. केस पोलादाहून सुमारे पन्नासपट मऊ, तरी तो दाढी करताना पात्याच्या धारेचे बारीक टवके उडवतो, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. केस पात्याशी तिरका वाकला आणि धारेत आधीच कुठे कच्चा बिंदू असला की टवका निघतो. फवाऱ्याच्या डब्यातला फेस तोंडाला फासून लगेच पाते ओढणारा माणूस वेळ वाचवत नाही, पाती झिजवतो.

आता पैशाचा आरोप. हा चोचला आहे म्हणे. साध्या दोन धारांच्या पात्याला, मग ते टोपाझ असो की सेव्हन ओ'क्लॉक, कोपऱ्यावरच्या दुकानात सुटे चार-पाच रुपये पडतात. तीन किंवा पाच पात्यांच्या एका डबीला शंभराच्या पुढे मोजावे लागतात. ज्याला बेरीज येते त्याने ती करावी. माझ्या ओळखीत हा 'चोचला' करणाऱ्यांत एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, ते वडिलांचा रेझर वापरतात आणि आपण कुठला छंद जोपासतो आहोत याची त्यांना वार्ताही नाही.

पण आरोप अगदीच हवेतला नाही, आणि तो आमच्याच मंडळींनी ओढवून घेतला आहे. साधेपणाच्या नावाने सुरू करून ज्यांच्या न्हाणीघरात तीस साबण, बारा ब्रश आणि परदेशातून मागवलेले चंदनाच्या वासाचे लोशन जमते, त्यांनी काटकसरीवर बोलू नये. बिज्जूच्या केसांचे महागडे ब्रश मिरवणाऱ्यांनी ते केस त्या प्राण्याच्या अंगावरून कसे येतात याची चौकशी करावी. कृत्रिम तंतूंचे ब्रश आता उत्तम फेस काढतात. हस्तिदंती मुठीचा वस्तरा कुणी दाखवला तर पाठ फिरवावी, कारण भारतात हस्तिदंताचा व्यवहार हा गुन्हा आहे, मग वस्तू कितीही जुनी असो. आणि एक रेझर पुरेसा असताना वीस कशाला, हा टोमणा तर मला रास्तच वाटतो. दाढी करायला एकच पुरतो. वीस लागतात ते वाचायला.

होय, वाचायलाच. मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटला किंवा पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात कुलपे, नळ आणि घड्याळांच्या सांगाड्यांखाली जे रेझर सापडतात, त्यांतल्या बऱ्याचशांवर 'मेड इन इंग्लंड' असते. साहेबाच्या राज्यात इथे यायचा माल तिकडचा. लंडनच्या पश्चिमेला आयल्सवर्थमध्ये 1937 च्या सुमारास जिलेटचा मोठा कारखाना उभा राहिला, त्याची मनोऱ्याची इमारत अजून आहे. अमेरिकी जिलेटच्या डोक्याखाली एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला असला तर तो कुठल्या वर्षाच्या कुठल्या तिमाहीत बनला ते कळते. वस्तऱ्यावर नुसते गाव असेल आणि देशाचे नाव नसेल, तर तो बहुधा 1891 च्या आधीचा, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. त्याच्याही आधी, 1887 मध्ये, इंग्लंडने जर्मन मालावर 'मेड इन जर्मनी' लिहायला लावले, ते लाज आणण्यासाठी. सोलिंगेनचे चाकूवाले शेफिल्डचे नाव ठोकून माल खपवत होते ना! पुढे सोलिंगेनच्या वस्तऱ्यांनी त्याच शिक्क्याला मान मिळवून दिला, आणि तो शिक्का आज लोक हौसेने शोधतात.

1930 च्या आसपासचा जिलेट हातात आला की मला हेन्री गाइसमन आठवतो. ऑटोस्ट्रॉप कंपनीच्या या माणसाने नव्या घडणीचे पाते काढले होते आणि ते आधी जिलेटला देऊ केले होते. जिलेटने नाकारले, मग तसल्याच धर्तीचा नवा रेझर स्वतः बाजारात आणला. गाइसमनने दावा ठोकला. शेवटी दोन्ही कंपन्या एक झाल्या, त्या निमित्ताने जिलेटने नफा फुगवून दाखवल्याचे हिशेबांत उघड झाले, आणि सूत्रे गाइसमनच्या गटाकडे गेली. ज्याच्या चेहऱ्याचे चित्र कोट्यवधी पात्यांच्या वेष्टनावर छापले गेले तो किंग जिलेट 1932 मध्ये वारला, तेव्हा त्याची बहुतेक संपत्ती गेलेली होती. तरुणपणी त्याने एक पुस्तक लिहिले होते, 1894 मध्ये: स्पर्धा नष्ट करून सगळी माणसे नायगाऱ्याजवळच्या एकाच महानगरात राहतील, सगळा उद्योग सर्वांच्या मालकीचा असेल, असे स्वप्न. पुढच्याच वर्षी त्याला फेकून देण्याच्या पात्याची कल्पना सुचली. पितळेच्या तीन तुकड्यांत एवढे सगळे असते. ते न वाचता 'भंगार जमवता' म्हणणाऱ्याशी काय बोलायचे?

संग्रह करणाऱ्याला त्यातली कारागिरीही कळत जाते. 1938 चा 'टेक' म्हणजे तीन तुकड्यांची रचना तिच्या सगळ्यात साध्या रूपात. 1947 चा 'सुपर स्पीड' दांड्याचे टोक फिरवताच कवाडे उघडावीत तसा उघडतो. 1950 च्या दशकाच्या शेवटी आलेल्या, जाड मानेमुळे 'फॅट बॉय' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेझरला एक ते नऊ आकड्यांची चकती आहे; आकडा वाढवला की पात्याची धार अधिक उघडी होते, म्हणजे रोजच्या दाढीला दोन-तीन, चार दिवसांच्या खुंटांना सहा-सात. पाच पात्यांच्या रेझरमध्ये ही मुभा कुठे आहे? सेल्युलॉइडच्या मुठीचा वस्तरा बंद पेटीत ठेवू नये, कारण ती मूठ सडताना आम्लाचे वायू सोडते आणि पाते खाते. शेजारच्या वस्तऱ्यांनाही बाधते. असे ज्ञान पुस्तकातून कमी आणि नुकसानीतून जास्त येते, हे जमवणाऱ्या कुणालाही विचारा.

एवढे बोलून मी थांबलो तर मात्र ते लबाडीचे होईल, कारण सगळ्यात वजनदार आक्षेप अजून बाकी आहे. तो असा: तुम्ही ज्या वस्तऱ्याच्या, पट्ट्याच्या, धोकटीच्या जगाला 'परंपरा' म्हणून कुरवाळता, त्या जगात हजामत कुणाची होई आणि कुणाची नाही?

या आक्षेपापुढे मला वाद घालायचा नाही. न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. गावाची दाढी त्याच्या वस्तऱ्यावर, आणि कुणाला हात लावायचा हे गावाच्या उतरंडीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे, की साताऱ्यात न्हावी होते, द्यायला पैसेही होते. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हता, म्हणून मोठी बहीण घरीच केस कापत असे. हे वाचल्यावर 'पूर्वी कसे घरोघरी न्हावी यायचे' असे उमाळे निदान मोठ्याने तरी काढू नयेत. आणि ज्याच्या हाती वस्तरा होता तोही त्या उतरंडीत काही सुखात नव्हता. काम कौशल्याचे, मोबदला सुगीच्या धान्यात, वागणूक खालच्या पायरीची. विधवांचे केशवपन त्याच्याच हातून करवून घेतले जाई. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि हे काम आम्ही करणार नाही असे ठरवले. वस्तऱ्याच्या इतिहासातली अभिमानाने सांगावी अशी घटना मला हीच वाटते, आणि ती वस्तरा खाली ठेवण्याची आहे.

पण या आक्षेपाचा बाण सेफ्टी रेझरला लागत नाही. उलट तो माझ्या बाजूने उलटतो. ज्याला न्हावी नाकारत होता, त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने, न कापता, न शिकता करता येणारी दाढी ही चैन नव्हती. वस्तरा वापरायला सराव लागतो, धार लावायला त्याहून जास्त. म्हणून वस्तरा हा दुसऱ्याच्या हातात राहिला. ते तीन तुकड्यांचे पितळ आणि पातळ पाते आले तेव्हा दाढी पहिल्यांदा ज्याची त्याच्या हातात आली. सुरुवातीला श्रीमंताच्याच, हे खरे. पाच डॉलर काय सगळ्यांकडे होते? पहिल्या महायुद्धात 1918 मध्ये अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी 35 लाख रेझर घेतले, पेटंट संपल्यावर दर उतरले, पाती गावोगावच्या वाण्याकडे पोचली, तेव्हा कुठे ती मोकळीक खाली झिरपली. गावच्या न्हाव्याने काय म्हणावे याची फिकीर संपली, आणि कंपनीने काय म्हणावे याची अजून सुरू व्हायची होती. 1971 नंतर ती सुरू झाली. मधली ही पन्नास वर्षे, दाढी कुणाच्याच हातात गहाण नसलेली, मी जमवतो. त्यात मागे कुठल्या वाड्याच्या ओसरीवर जाऊन बसायची इच्छा नाही.

म्हणूनच आमच्यातल्या त्या मर्दानगीवाल्यांशी माझे जमत नाही, जे वस्तऱ्याने दाढी करणाऱ्यालाच पुरुष मानतात. गळ्यापाशी उघडी धार धरणे हे शौर्य असते तर सलूनमधले पोर रोज वीसदा शूर ठरले असते. त्याच सलूनने, एचआयव्हीबद्दल जाग आल्यावर, जुना वस्तरा टाकून दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते बसवायची पद्धत धरली. ती शंभर टक्के बरोबर होती, आणि ते अर्धे पाते जिलेटच्या पात्याचेच अर्धुक आहे. बायकांचा या विषयाशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो की 1915 मध्ये जिलेटने 'मिलेडी डेकोलेते' नावाचा खास बायकांसाठीचा रेझर काढला होता, आणि तो आज संग्राहकांच्या हवेहवेशा वस्तूंपैकी आहे.

दुसऱ्याचा, कदाचित मेलेल्या माणसाचा रेझर वापरायची किळस येते, असे काही जण म्हणतात. ठीक आहे. पितळ साबणाच्या पाण्यात जुन्या दातघासणीने घासता येते, स्पिरिटने पुसता येते, आणि पाते तर नवेच असते. हॉटेलातल्या चमच्याबद्दल हीच माणसे काही बोलत नाहीत.

जिथे पाच पात्यांची डबी खरोखर सरस आहे तिथे ती सरस आहे असे म्हणायला मला अडचण नाही. हात कापणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची दाढी दुसरा कुणी करत असेल तर डोलणारे डोके आणि झाकलेल्या धारा असलेली डबीच हवी, किंवा विजेचे यंत्र. विमानात हातातल्या पिशवीत सुटे पाते नेता येत नाही, डबी नेता येते. घाईत, चालत्या रेल्वेत, अंधाऱ्या खोलीत डबी बरी. हे सगळे अपवाद धरूनही रोज सकाळी घरच्या आरशासमोर उभ्या राहणाऱ्या बहुतेकांना डबी का लागते, याचे उत्तर मला 'दुकानात समोर तीच टांगलेली असते' याखेरीज मिळालेले नाही.

राहता राहिले ते भाकीत: हा छंद दहा वर्षांत संपेल, पातीच मिळणार नाहीत. दोन धारांची पाती आज इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला बनतात, तुर्कस्तानात बनतात, जपानमध्ये सेकीला, आणि आपल्याकडेही ढिगाने बनतात. या देशांचे आपसात पटो न पटो, खाच सगळ्यांची एकच, कारण तिच्यावर आता कुणा एकाचा हक्क नाही. याउलट ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने कुठला तरी खास दांडा घेतला आणि पुढे कंपनीने त्याची डबी बंद केली, त्यांचे दांडे भंगारातही कुणी घेत नाही. पुण्यातल्या जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारावी आणि प्लास्टिकचे दांडे कुठे मांडलेले दिसतात का ते बघावे. टेक दिसतील. घासाघीस करावी लागेल, एवढेच.